आई-वडिलांच्या नावाने काम: स्वतःचं फाउंडेशन काढावं, की चालत्या संस्थेत स्मृतिनिधी ठेवावा?

आई किंवा वडील गेल्यावर काही महिन्यांत घरात कुणीतरी म्हणतंच, "त्यांच्या नावाने काहीतरी कायमचं करूया." इच्छा मनापासूनची असते, थोडे पैसेही बाजूला काढलेले असतात. मग बोलणं थेट नोंदणीवर जातं: नाव काय ठेवायचं, विश्वस्त कोण, कागदपत्रं कोण करणार. त्याआधी एक प्रश्न नीट सोडवायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. त्यांच्या आयुष्यातलं नेमकं काय पुढे चालू राहायला हवं? "आईला शिक्षणाची आवड होती" एवढ्यावर काही ठरत नाही. "शाळा सुटलेल्या मुलींना आई संध्याकाळी घरी बोलवायची, शिकवायची आणि पुन्हा परीक्षेला बसवायची" असं सांगता आलं, की काम कुठलं आणि ते कुणी करायचं, हे दोन्ही दिसू लागतं.

कारण पुढचा प्रश्न लगेच येतो: हे काम आधीच चांगलं करणारं कुणी आहे का?

असेल, तर माझा कौल स्मृतिनिधीला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. संस्था कर्व्यांची होती. कष्ट, अनुभव, विद्यार्थिनी सगळं तिथे होतं, कमी होता तो पैसा. शंभरहून अधिक वर्षं झाली, त्या आईचं नाव मुलींच्या पदवीवर छापलं जातं. आपली रक्कम त्यापुढे कितीही लहान असो, रीत तीच: काम करणारे हात आहेत तिथे बळ द्यायचं.

या वाटेला कटकट कमी. हिशेब, ऑडिट, अर्जांची छाननी संस्था करते. बदल्यात ताबा जातो, आणि तिथेच बरीच घरं दुखावतात. शिष्यवृत्तीसाठी ठेव दिली. काही वर्षांनी प्राचार्य बदलले, अभ्यासक्रम बंद झाला, ठेवीची नोंद कुठल्या फायलीत आहे हे सांगायला कुणी नाही. म्हणून पैसे देताना लेखी करार हवाच. मुद्दलाला हात लावायचा की नाही, निवड कोण करणार, दरवर्षी काय कळवणार, आणि तो अभ्यासक्रम किंवा विभाग बंद पडला तर पैसे कशाला वापरायचे, हे चार मुद्दे त्यात यायला हवेत. शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, तरी तो सोडू नये.

ठेवीच्या व्याजाचंही गणित आधी करून बघावं. महागाई ६ टक्के धरली, तर व्याजाची तीच रक्कम साधारण १२ वर्षांत निम्म्या मोलाची होते. सुरुवातीला वर्षाची पूर्ण फी भरणारी शिष्यवृत्ती पुढे वह्या-पुस्तकांपुरती उरते. व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात परत घाला, असं करारात लिहिता येतं.

आता स्वतःचं फाउंडेशन. आई-वडिलांचं काम दुसरं कुणी करतच नसेल, किंवा करणाऱ्यांना ते कळलेलंच नसेल, तिथे हाच मार्ग खरा. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने विश्वस्त निधी उभारला आणि त्याचा मुख्य रोख याच आजाराच्या संशोधनावर ठेवला. उद्देश इतका नेमका होता की विश्वस्त बदलले तरी पैसा कुठे जायचा याबद्दल गोंधळ होण्याचं कारण उरलं नाही.

पण फाउंडेशन म्हणजे दरवर्षीचं काम, हे सगळ्यांनी समजून घ्यावं. न्यासपत्र (ट्रस्टचा उद्देश आणि नियम लिहिलेला दस्तऐवज), नोंदणी, वेगळं बँक खातं, बैठका, इतिवृत्त, ऑडिट, विवरणपत्रं. देशोदेशी नियम वेगळे, ओझं मात्र सगळीकडे आहे. भारतात करसवलत टिकवायची तर साधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च करावा लागतो; अमेरिकेत खासगी फाउंडेशनला गुंतवणुकीच्या मूल्याच्या सुमारे ५ टक्के दरवर्षी वाटावे लागतात. निधी लहान असेल तर सीएची फी आणि कागदोपत्री खर्च मदतीचाच वाटा खातात.

दहाव्या वर्षाची बैठक डोळ्यांसमोर आणा. तीन भावंडांपैकी एक परदेशी, एकाची तब्येत बरी नाही, तिसरी एकटी सगळ्या पावत्या लावत बसली आहे. ठरावावर सही करणाऱ्या नातवाने आजोबांना पाहिलेलंच नाही. त्या तिसरीच्या जागी कोण बसणार, याचं नाव आज सांगता येत नसेल, तर नोंदणी थांबवा. दुसरीकडे, दरवर्षी एकत्र बसून अर्ज वाचणारी, कुणाला मदत करायची यावर मनापासून भांडणारी भावंडंही असतात. आई-वडिलांमागे घर जोडलेलं राहण्याचं ते मोठं निमित्त होतं. तुमचं घर तसं असेल, तर कागदांचा त्रास सार्थकी लागतो.

"कायमचं" या हट्टाबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे माजी महापौर ब्रायन मुलान्फी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या, शहरातून जाणाऱ्या गरजूंसाठी त्यांनी संपत्तीचा एक तृतीयांश भाग ठेवला. पुढे ती स्थलांतरं ओसरली आणि निधीला योग्य गरजू मिळेनात. अमेरिकेतलेच उद्योगपती ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी उलट केलं. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांत मुद्दलासकट सगळं खर्च करून टाका, असं त्यांनी बजावलं. ते १९३२ मध्ये गेले, त्यांचा निधी १९४८ मध्ये संपला. त्यांच्या मदतीतून अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. मध्यम निधी असलेल्या घरांनी या मुदतीच्या वाटेचा गंभीरपणे विचार करावा: १५ वर्षं भरघोस मदत, मग समाधानाने बंद. ज्यांनी आई-वडिलांना जवळून पाहिलं, तीच मुलं ते काम शेवटपर्यंत नेतात.

तरीही मन ठरत नसेल, तर पहिली दोन-तीन वर्षं काहीच नोंदवू नका. ठरलेली रक्कम दरवर्षी त्याच कामासाठी दोन वेगवेगळ्या संस्थांना द्या, तिथे जाऊन या, काम बघा. भावंडांपैकी कोण खरोखर वेळ काढतं तेही या काळात कळेल. मग फाउंडेशनच काढायचं ठरलं, तर न्यासपत्रात उद्देश नेमका लिहा, पण काळ बदलला तर तो वळवता येईल इतपत सैल ठेवा, घराबाहेरचा एक तरी विश्वस्त घ्या, आणि काम थांबवावं लागलं तर उरलेला निधी कुठल्या प्रकारच्या संस्थेकडे जाईल हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.