खेळाडू पोरांचा इम्प्लांट सप्लाय : मिरजेच्या ओटीतून अभिप्राय

मी मिरजेत हाडांच्या एका हॉस्पिटलमध्ये ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, इन्चार्ज सिस्टर आहे. प्लेट, स्क्रू, रॉड, गुडघ्याचे सांधे असे शरीरात बसवायचे इम्प्लांट पुरवणारे बरेच डीलर आमच्याकडे येतात. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याची माणसं घ्यायची रीत वेगळी आहे. डीलर सांगलीचा, शंभर फुटी रस्त्याकडचा. त्याच्याकडून ओटीत येणारी सगळी पोरं जुने खेळाडू आहेत. दोघं कबड्डीचे, एक पैलवान, एक मुलगी खो-खोची. दुकानाचं आणि पोरांचं नाव देता येत नाही, हॉस्पिटलचा तसा नियम आहे.

बाहेरच्यांना वाटतं, या पोरांचं काम म्हणजे डॉक्टरांना गोड बोलून माल विकणं. हाडांच्या ऑपरेशनमध्ये खरं काम वेगळंच असतं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी संध्याकाळी दाखल होते. सकाळी पीएफएन, म्हणजे मांडीच्या हाडात घालायचा रॉड, घालायचं ठरतं. त्या रॉडचा पूर्ण सेट हॉस्पिटल विकत घेऊन ठेवत नाही, डीलरकडून मागवतं. त्यात नऊ, दहा, अकरा मिलिमीटरचे रॉड, खुब्याच्या गोळ्यात जाणारे वेगवेगळ्या लांबीचे लॅग स्क्रू, गायडवायर, रीमर, स्क्रूची नेमकी जागा धरून देणारी जिग, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं येतं. ते मोजून घ्यायचं, धुवायचं, पॅक करून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, लावायचं, थंड होऊ द्यायचं. सेट सकाळी नऊला आला तर दहाची केस दहाला होत नाही, झाली तर घाईत होते. घाईत निर्जंतुक केलेल्या हत्यारांची मला भीती वाटते. हाडात शिरलेलं इन्फेक्शन वर्षानुवर्षं निघत नाही, माणूस पुन्हा पुन्हा टेबलावर येतो.

म्हणून माझी पहिली परीक्षा एकच, सेट आदल्या रात्री येतो का. या पोरांचा येतो. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं होतं, रस्त्यांचा भरवसा नव्हता, तेव्हा दोघांतल्या जुन्या कबड्डीवाल्यानं दुपारीच फोन केला, "सिस्टर, उद्याचं काय लागतंय ते आत्ताच सांगा की, पाणी वाढायच्या आत आणून ठेवतो." आणि आणलं. आधी आम्ही ज्यांच्याकडून घ्यायचो त्या फर्मचा माणूस दुसऱ्या हॉस्पिटलमधून सेट थेट आमच्याकडे आणायचा, ड्रिल बिटच्या खाचेत रक्त वाळलेलं असायचं. विचारलं की म्हणायचा, तुम्ही धुताच ना. आम्ही धुतोच, कुठूनही आला तरी धुतो. पण ज्याला ते रक्त दिसत नाही त्याला आत घ्यायला मन होत नाही.

अमेरिकेत मोठ्या ऑर्थो कंपन्या कॉलेजात खेळलेल्या मुलामुलींना विक्रीच्या नोकरीत मुद्दाम घेतात, ही तिकडची जुनी पद्धत आहे. कारणं सांगतात ती अशी : जिंकायची ईर्षा असते, हरायची सवय असते, पहाटे उठतात, संघात वागतात. आमच्या डीलरनं ते ऐकलं होतं, पण त्याची निवड त्यावर नाही. तो स्वतः तालमीत वाढलेला. मी त्याला विचारलं, पदकं बघून घेता का? म्हणाला, "पदक नाही बघत, सिस्टर. जुन्या कोचला फोन करतो. एकच विचारतो, पोरगं टीममधून बाहेर असताना सरावाला येत होतं का."

हा प्रश्न मला फार पटला, कारण ओटीतल्या या पोरांचं काम बाहेर बसलेल्या खेळाडूसारखंच असतं. ऑपरेशन डॉक्टर करतात. हत्यार स्क्रब सिस्टरच्या हातात. डीलरच्या पोरानं (याला आम्ही रेप म्हणतो, रिप्रेझेंटेटिव्हचं छोटं रूप) भिंतीकडे उभं राहायचं, निर्जंतुक टेबलाला हात लावायचा नाही, विचारलं तेवढं बोलायचं आणि पुढच्या टप्प्याला काय लागेल ते डोक्यात तयार ठेवायचं. डॉक्टरांनी "लॅग स्क्रू पंच्याऐंशी" म्हटलं की कुठल्या ट्रेच्या कुठल्या ओळीत तो आहे हे त्याला तोंडपाठ पाहिजे. बारीक हाडाच्या बायकांना लहान साइज लागतात आणि नेमके तेच सेटमधून संपलेले असतात. कबड्डीवाला आदल्या रात्रीच एक्स-रे बघून जादाचे दोन स्क्रू वेगळे आणतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चिडचिडही सोसावी लागते. ऑपरेशन अडलं की सर्जन ओरडतात, आणि ओरडायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे भिंतीकडचा पोरगा. एकदा जिगचा बोल्ट नीट बसेना, तेव्हा सर फार बोलले. पैलवान खाली मान घालून ऐकत राहिला, सरांचं संपल्यावर शांतपणे म्हणाला, "सर, बोल्ट अर्धा फेरा मागं घ्या, मग बसंल." बसला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस. तर म्हणाला, "वस्ताद याच्या दुप्पट बोलायचे." तरीही माझं मत आहे की सर्जननी असं बोलू नये, पोरगं सोसतंय म्हणून तर मुळीच नाही. हे मी सरांनाही सांगितलं आहे.

आता उणीव. अंगात शिस्त आहे म्हणून हाडाचं ज्ञान आपोआप येत नाही. सुरुवातीला या पोरांना फारच लवकर ओटीत पाठवलं गेलं. साडेतीन मिलिमीटरच्या साध्या कॉर्टिकल स्क्रूला अडीचचं ड्रिल लागतं, साडेतीनच्याच लॉकिंग, म्हणजे प्लेटच्या भोकातच आवळून बसणाऱ्या, स्क्रूला दोन पॉइंट आठचं. दिसायला फरक नखाएवढाही नाही, पण साध्या स्क्रूला मोठं ड्रिल मारलं तर पीळ नीट धरत नाही आणि प्लेट ढिली राहते. खो-खोच्या मुलीला पहिल्या आठवड्यात हे विचारलं तर तिनं स्पष्ट सांगितलं, "मला माहीत नाही, विचारून सांगते." बाहेर जाऊन फोन करून आली आणि बरोबर सांगितलं. अंदाजानं ठोकून दिलं नाही, म्हणून मी तिला त्याच दिवशी मानलं. पण हे ज्ञान तिला आत यायच्या आधी मिळायला हवं होतं, आणि ती जबाबदारी डीलरची. मी त्याला बसवून सांगितलं की निदान काही महिने पोरांना गोडाउनमध्ये सेट लावायला ठेव, प्लास्टिकच्या हाडावर स्क्रू मारायला लाव, जुन्या माणसाबरोबर नुसतं उभं कर, मग एकटं पाठव. आता तो तसं करतो. दोघांतला नवीन आलेला कबड्डीवाला अजून एकटा आलेला नाही.

पैलवानाची एक गोष्ट मला आवडली नव्हती. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं आहे, आत स्क्रू आहे, कुस्ती त्यातच सुटली. वॉर्डातून जाताना एका तरुण पेशंटला त्यानं चड्डीचा पाय वर करून टाके दाखवले आणि सांगितलं, हीच कंपनी घे, मी बघ कसा चालतोय. हेतू चांगला होता, पोरगं घाबरलं होतं त्याला धीर आला. पण विकणाऱ्यानं पेशंटशी कंपनीबद्दल बोलायचं नाही. कुठला स्क्रू घालायचा ते डॉक्टर ठरवतील, नातेवाइकांना खर्च हॉस्पिटल सांगेल. मी त्याला त्याच कॉरिडॉरमध्ये थांबवलं. त्यानंतर तो वॉर्डात पाऊलही टाकत नाही. मात्र ओटीत लिगामेंटची केस असली की तो जसं लक्ष देतो तसं मी क्वचित पाहिलं आहे. टेबलावरच्या माणसाचं पुढे काय होणार, कोणत्या आठवड्यात पाय वाकणार, कोणत्या महिन्यात रडायला येणार, हे त्याला अंगानं माहीत आहे.

दुखापत ही खेळाडूच्या आयुष्यातली साधी गोष्ट नसते. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. एकूण २४८ किलो उचलले, सोनं एका किलोनं गेलं आणि वजन उचलताना उजवं कोपर दुखावलं. त्याचं पदक देशानं पाहिलं. पदकापर्यंत न पोचलेल्या आणि गुडघा किंवा खांदा देऊन बसलेल्या पोरांचं काय होतं, ते आम्ही ओटीत बघतो. सातारा-सांगलीत तालमी, कबड्डीची मंडळं, खो-खोचे संघ भरपूर. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक स्पर्धेतला क्रमांक आणि प्रमाणपत्र लागतं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं आणि तेसुद्धा तीन वर्षांनी, १९५५ साली, पोलिसात सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. ज्याचा जिल्हा पातळीवरच दम संपला त्याला पंचविशीत पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. अशा पोरांना हे काम मिळतंय याचं मला मनापासून समाधान आहे, म्हणूनच त्यांच्या बाजूनं पुढचं लिहिते.

सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, चालू असताना ओटीत क्ष-किरण असतात. डॉक्टर, आम्ही, टेक्निशियन शिशाचा ॲप्रन घालतो. ही पोरं वेगवेगळ्या हॉस्पिटलांत दिवसाला दोन-तीन केसला उभी राहतात आणि डीलरनं त्यांना ॲप्रन दिलेला नव्हता. जादाचा ॲप्रन असेल तर आम्ही देतो, नसेल तर मी दाराबाहेर उभं करते. हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, तेही कुणाचे पूर्ण नव्हते. वापरलेली हत्यारं मोजताना हात कापतो, त्यांना लस आमच्याइतकीच गरजेची. लस आता झाली, ॲप्रनचं अजून "घेतो घेतो" चाललंय.

खो-खोच्या मुलीचं वेगळं सांगते. ऑर्थोत बायका रेप फार दिसत नाहीत, कारण ट्रे जड असतात असं म्हणतात. ती दोन्ही हातांत दोन ट्रे घेऊन जिना चढते, वजनाचा प्रश्नच नाही. प्रश्न असा की रात्री अकराला सांगलीहून तासगाव, विट्याला सेट पोचवायला डीलर तिला एकटीला स्कूटीवर पाठवायचा. "मला जमतंय, ताई," असं तीच म्हणते. जमतंय म्हणून पाठवायचं नसतं. रात्रीसाठी गाडी आणि ड्रायव्हर ठेवायला काय हरकत आहे? मिरजेपुरतं तरी आम्ही ठरवलं आहे की रात्री आठनंतर सेट आणायला ती येणार नाही.

पैशाचं थोडक्यात. पोरांना ठरलेला पगार आहे आणि वर थोडा इन्सेंटिव्ह. टार्गेटवरच पोट असतं तर मी त्यांना आत घ्यायला राजी झाले नसते. एका प्लेटच्या जागी दोन, साध्याच्या जागी महागडी, हा मोह त्यातूनच येतो, आणि जिंकायची सवय असलेल्या माणसाला तो जास्त येईल असं मला वाटतं. २०१७ पासून गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे, २०२४ साली मेडिकल डिव्हाइसच्या मार्केटिंगची आचारसंहिता आली, त्यात डॉक्टरांना भेटवस्तू बंद आहेत. दिवाळीला या डीलरकडून आमच्याकडे काही आलं नाही, हेही बरंच झालं.

कागदपत्रात मात्र ही पोरं कच्ची. इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर केस पेपरला, ओटी रजिस्टरला आणि बिलाला लागतं. महात्मा फुले योजनेची केस असेल तर एक स्टिकर हरवलं तरी पैसे अडकतात. जुन्या कबड्डीवाल्याचं चलन, म्हणजे मालाबरोबरचा कागद, आणि वापरलेल्या स्क्रूंची यादी जुळत नाही असं अजून होतं. तेव्हा मी त्याला सेट परत नेऊ देत नाही, जुळेपर्यंत बसवून ठेवते. तो बसतो. जत तालुक्यातला आहे, कन्नड येतं, म्हणून बसल्या बसल्या अथणीकडून आलेल्या नातेवाइकांना एक्स-रे कुठे, औषधं कुठे ते सांगत असतो. कंपनीचं अवाक्षर काढत नाही.

आमच्या हॉस्पिटलनं पुढच्या वर्षासाठी याच डीलरला ट्रॉमाचं, म्हणजे मोडलेल्या हाडांचं, काम दिलं आहे, माझ्या शिफारशीवर. सांध्यांचं अजून दिलेलं नाही, त्यासाठी पोरांचं शिक्षण वाढायला हवं. इतर हॉस्पिटलांच्या सिस्टरना सांगेन, जरूर बोलवा, पण पहिल्या केसला कोण येणार आणि तो एकटा येणार का, ते आधी विचारा. आणि खेळ सुटलेल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं हे वाचलं आणि अशी नोकरी चालून आली, तर पगार किती हे विचारण्याआधी ॲप्रन देणार का, लस देणार का, रात्रीची गाडी कुणाची आणि अपघाताचा विमा आहे का, एवढं विचारून घ्या. डीलर टाळायला लागला तर दुसरीकडे बघा.