टिपरे आजोबांसाठी सबस्क्रिप्शन घ्यावं का? माझा रिव्ह्यू

आधी सरळ उत्तर देते, हो, घ्या. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही एकच सिरीयल बघायची म्हणून ती दाखवणाऱ्या ॲपचं महिन्याभराचं सबस्क्रिप्शन घेतलंत तरी पैसे वसूल आहेत, आणि ते सगळे दिलीप प्रभावळकरांमुळे. ॲपबद्दल तक्रारी आहेत, त्या खाली लिहिते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. 2001 ते 2005 मधे ही अल्फा मराठीवर लागायची, म्हणजे आताची झी मराठी. दिग्दर्शन केदार शिंदेंचं. घरात माणसं पाच, आबा (म्हणजे टिपरे आजोबा, प्रभावळकर), मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडं शलाका नि शिऱ्या. मूळ प्रभावळकरांनीच लोकसत्तात लिहिलेलं 'अनुदिनी' हे सदर, त्यात टिपऱ्यांच्या घरातली माणसं डायरी लिहायची. कटकारस्थानं नाहीत, दागिने घालून झोपणाऱ्या बायका नाहीत, दारामागून कोणी ऐकत नाही, साधी घरातली कुरबूर, तीही थोड्या वेळात मिटणारी.

आता आबांबद्दल. प्रभावळकरांचा जन्म 1944 चा, म्हणजे सिरीयल सुरू झाली तेव्हा ते 57 वर्षांचे होते आणि दिसतात मात्र चांगले सत्तरी ओलांडलेले, पण मेकअप सोडा हो, ते ऐकतात कसे ते बघा. शिऱ्या काहीतरी बंडल मारत असतो, कॅमेरा त्याच्यावर असतो, आणि मागे आबा नुसते बसलेले असतात, चेहरा जवळजवळ स्थिर, फक्त डोळे त्याच्या बोलण्याबरोबर सरकतात, मधेच ओठ किंचित हलतात जणू आता बोलणार, आणि बोलत नाहीत. शिऱ्याचं वाक्य संपतं, एक क्षण जातो, आणि मग अगदी खालच्या पट्टीत एखादा शब्द येतो. हशा त्या शब्दाला येतो पण कमाई त्याआधीच्या थांबण्याची असते. मी असे सीन मागे नेऊन नेऊन बघितलेत आणि दर वेळी काहीतरी नवीन दिसतं.

हे इतकं भारी का वाटतं ते त्यांचं आधीचं काम आठवलं की कळतं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात हा माणूस चेटकीण होता (2018 मधे ते नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले). मग दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आमच्या आईच्या पिढीला प्रभावळकर म्हटलं की अजून तोच बिचकलेला चिमणराव आठवतो. 'वासूची सासू' मधे बाईचं सोंग, 'हसवाफसवी' मधे एकाच प्रयोगात सहा माणसं, त्यातले कृष्णराव हेरंबकर म्हणजे संगीत नाटकातले थकलेले नट, आणि 'हसवाफसवी' लिहिलेलंही स्वतःच. 'साळसूद' सिरीयलमधे चक्क खलनायक. मला सगळ्यात थक्क करते ती एक जोडी. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते मतिमंद मुलाचे वडील झाले, मुलगा अतुल परचुरे, आणि 'चौकट राजा' सिनेमात (1991) स्वतःच तसा नंदू झाले. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू एका नटाने करायच्या म्हणजे काय ताकद लागत असेल.

आयुष्यभर वेष, आवाज, चाल बदलून लपलेला हा नट टिपऱ्यांमधे जवळपास काहीच घेत नाही. चिमणरावासारखा वेगळा लावलेला आवाज नाही, टाळी घेणारी लकब नाही. शेजारच्या घरात बसलेले वाटावेत असे आजोबा. आणि याच काळात, 2002 मधे, हिंदी सिनेमात ते एक गुंड करत होते! पुढे 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई' मधले गांधीजी आले, त्या आणि 'शेवरी' या सिनेमासाठी मिळून त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गांधीजींच्या तोंडची ती मृदू, न ओरडता समजावणारी बोली ऐकली की मला आबांचीच आठवण येते, हे माझं मत, कोणाला पटेल न पटेल.

बाकीचे कलाकार पण उत्तम, शुभांगी गोखलेंची श्यामला तर फारच, सासऱ्यांशी तिचं जे मैत्रीचं नातं आहे ते तेव्हा टीव्हीवर दुर्मिळ होतं. राजन भिसे, रेश्मा नाईक, विकास कदम, सगळे घरचेच वाटतात. काही भाग मात्र उपदेशाकडे झुकतात, पार्श्वसंगीत नको तिथे 'हसा आता' म्हणून सांगतं, ते खटकतं.

आता ॲप. चित्र जुन्या चौकोनी टीव्हीचं आहे ते यांनी ताणून रुंद केलंय, माणसं बसकी दिसतात, तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमधे फोर बाय थ्री करून घ्या. आवाज एका भागात बारीक तर पुढच्यात कान फाटेल इतका, आणि डायरीच्या हळव्या वाचनात मधेच जाहिरात घुसते ते तर सहनच होत नाही. भागांचे क्रम उलटसुलट लावलेत, नावंही धड नाहीत, कस्टमर केअरला मेल केला तर ठरीव उत्तर आलं. एवढा ठेवा हातात असताना इतकी हेळसांड बघून वाईट वाटतं.

एक विनंती, सगळे भाग एका बैठकीत उडवू नका. ही आठवड्यातून एकदा बघायची सिरीयल होती, सलग बघितली की कुरबुरी सारख्या वाटायला लागतात. रोज रात्री जेवणानंतर एक भाग, घरात कोणी वयस्कर असतील तर त्यांना घेऊन. आणि मग 2025 चा 'दशावतार' बघा, त्यात ते 81 व्या वर्षी मुख्य भूमिकेत आहेत, परत सोंगं, परत रंग लावलेला चेहरा. आधी आबा आणि मग तो, याच क्रमाने बघा.

सिरीयलला पाचपैकी साडेचार, ॲपला दोन.