8 महिने फोनवर डोळ्याचा पडदा बघताना

गेले 8 महिने मी रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो फोनवर काढून दूरच्या डॉक्टरांना पाठवते आहे. साधन साधंच: फोन, त्याला बसवलेला दांडा आणि टोकाला 20 डायॉप्टरचं (भिंगाची ताकद मोजायचं एकक) भिंग.

पहिल्या महिन्यात निम्मे फोटो "अस्पष्ट, पुन्हा काढा" म्हणून परत आले. वाईट वाटायचं, कारण रुग्णाला पुन्हा बोलवावं लागायचं. दोष फोनचा नव्हता, माझ्या हाताचा होता. भिंगातून प्रतिमा उलटी दिसते, त्यामुळे हात नेमका चुकीच्या बाजूला सरकतो. शेवटी फोटोचा नाद सोडला आणि व्हिडिओ घ्यायला लागले. फोकस लॉक करायचा, 10-15 सेकंद चित्रण करायचं, मग त्यातली स्वच्छ फ्रेम निवडायची. भिंग किंचित तिरपं धरलं की फ्लॅशची चकाकीही बाजूला जाते.

ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून बाहुली मोठी केली की काम खूपच सोपं होतं. त्याआधी डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाण्याची पुढची फट, अरुंद नाही ना, हे टॉर्चने पाहून घ्यायचंच. अरुंद असेल तर डोळ्याचा दाब अचानक चढू शकतो. पुढचे काही तास धूसर दिसेल, गाडी चालवू नका, हेही आधीच सांगते.

फोटो चॅटवर नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि बारीक लाल ठिपके पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीचा आपोआप होणारा बॅकअपही बंद ठेवा, तो रुग्णाचा डोळा आहे.

मधुमेहात पडदा बिघडायला लागला तरी नजर बराच काळ शाबूत राहते. 6/6, म्हणजे तक्ता अगदी नीट वाचणाऱ्या एका काकूंना मी त्यांच्याच पडद्यावरचे रक्ताचे ठिपके दाखवले. "हे माझ्या डोळ्यात आहे?" एवढंच म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेल्या. त्याआधी वर्षभर सांगून ऐकत नव्हत्या. मला या साधनाची खरी किंमत तिथे कळली.

तरी फोटो स्वच्छ आला म्हणून "डोळे चांगले आहेत" असं मी कधीच म्हणत नाही. डोळ्याचा दाब यात मोजता येत नाही, पडद्याच्या कडा फोटोत येत नाहीत, मध्यभागाची सूज सपाट फोटोत हुकू शकते. त्यासाठी ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) लागते. पिकलेला मोतीबिंदू असेल तर आतलं काहीच दिसत नाही. आणि कुणी सांगितलं, की अचानक काजवे चमकतायत, नजरेवर सावली सरकतेय, तर मी भिंग बाहेरच काढत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवते.