अकरा खिडक्या काढायला निघालो होतो, दहा वाचल्या

आमचं घर दुमजली, वारसा क्षेत्रातलं. रस्त्यावरून दिसणारी खिडकी परवानगीशिवाय बदलता येत नाही. पण पाऊस आला की झडपा फुगायच्या, लागायच्याच नाहीत, आणि वाऱ्याबरोबर पाणी आत यायचं. शेवटी खिडक्या बदलायच्या असं ठरवलं होतं. त्या बदलण्याऐवजी दुरुस्त करून देणाऱ्या कारखान्याबद्दल हा अभिप्राय.

आधी ज्या कंपनीला बोलावलं, त्यांच्या माणसाने पंधरा मिनिटांत सगळ्या अकरा काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवायला सांगितलं. एकाही लाकडाला हात न लावता! मोठ्या काचेवर पट्ट्या चिकटवू, लांबून जुन्यासारखंच दिसेल, असं म्हणाला. नाही हो दिसत. जुन्या खिडकीतलं प्रत्येक तावदान किंचित वेगळ्या कोनात बसलेलं असतं, उजेड प्रत्येकात निराळा चमकतो. एका सपाट काचेवर ते कुठून येणार? आमच्या काही काचांना हलक्या लाटा आहेत, एकीत तांदळाएवढा बुडबुडा आहे. वितळलेल्या धातूवर तरंगवून केलेली एकदम सपाट काच, म्हणजे फ्लोट काच, आली १९५०च्या दशकात. आमच्या या काचा त्याआधीच्या, आणि तशी काच आज सहजासहजी मिळत नाही.

मग एका ओळखीच्यांनी जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या या कारखान्याचं नाव सुचवलं. त्यांचे मिस्त्री आले आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक घेऊन प्रत्येक चौकट खालपासून वरपर्यंत टोचत गेले. वरच्या भागात टोक शिरेना. खालच्या आडव्या पट्टीत मात्र लोण्यात जावं तसं गेलं. मग त्यांनी मला वाकायला लावलं आणि खिडकीच्या खालच्या फळीच्या पोटाशी बोट फिरवायला सांगितलं. तिथे एक बारीक खाच असते, पाणी तिथेच तुटून खाली टपकावं म्हणून. आमची खाच रंगाच्या थरांनी बुजली होती. पाणी टपकण्याऐवजी फळीच्या पोटावरून सरकत मागे भिंतीत आणि चौकटीत मुरत होतं. इतकी वर्षं आम्ही दर वेळी वरून रंग लावत आलो आणि प्रत्येक हाताने ती खाच आणखी भरत गेली. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं.

दहा खिडक्यांचा फक्त कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला. अकरावी पार गेलेली होती, ती जुन्या मापाने नवी केली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासकाम केलंच नाही. खाली प्लास्टिक अंथरून, मास्क लावून, ओलं करून खरवडलं. लहान मुलं असतील त्यांनी कामगारांना हे आधी विचारावंच. तावदानांना जवसाच्या तेलाची लांबी, म्हणजे काच पक्की करायची पुट्टी, लावली. तिच्यावर साय धरायला आठवडे लागतात, तोवर रंग लावता येत नाही. घाई असेल तर हे काम सुरू करू नका.

दुहेरी काच का नाही, हे मीही विचारलं. मधे पोकळी ठेवून कडेने सीलबंद केलेल्या दोन काचांची ती जोडी साधारण वीस मिलिमीटर जाडीची असते. तिच्यासाठी तावदानांमधल्या आमच्या नाजूक लाकडी पट्ट्या जाड कराव्या लागल्या असत्या आणि खिडकीचा चेहराच गेला असता. शिवाय तिचं सील सुटलं की मधे वाफ धरते आणि अख्खी काच बदलावी लागते. त्याऐवजी रस्त्याकडच्या दोन खोल्यांत आतल्या बाजूने शंभर मिलिमीटर अंतर सोडून वेगळी काच बसवली. आतली घट्ट, बाहेरची किंचित सैल, म्हणजे मधली वाफ बाहेर जाते. हॉर्नचा आवाज आता दबून येतो.

तक्रार एकच, पण मोठी. परवानगीच्या अर्जाला कारखान्याने पट्ट्यांच्या छेदाचं चित्र, म्हणजे पट्टी आडवी कापली तर दिसेल तो आकार, जोडलं नव्हतं. अर्ज परत आला आणि आमचे सहा आठवडे गेले. हेच काम रोज करणाऱ्यांकडून ही चूक व्हायला नको होती. तुम्ही स्वतः तपासा: जुना आणि नवा छेद शेजारी शेजारी, मापांसह.

पाचपैकी चार तारे. न्हाणीघराचा झरोका तेव्हा राहिला होता, तोही यांनाच देणार आहे.