चिंगीच्या ऑपरेशनच्या नावाखाली 85 हजारांना फसवलं

आमची चिंगी दहा वर्षांची पॉमेरेनियन. दिवाळीनंतर तिला रात्री-अपरात्री खोकल्याची उबळ येऊ लागली. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा कळलं की हृदयाची मायट्रल झडप जाड झालीय, नीट मिटत नाही, रक्त उलटं फिरतंय. लहान जातीच्या वयस्क कुत्र्यांना हा आजार सर्रास होतो. डॉक्टरांनी पिमोबेंडन हे हृदयाचं औषध आणि लघवीची गोळी सुरू केली. म्हणाले, "गोळ्यांनी तिला बरं वाटेल, पण झडप काही दुरुस्त होणार नाही."

ते मनाला लागलं. ऑपरेशनची चौकशी करताना एका माणसाचा नंबर मिळाला. फोनवर चिंगीची नावानिशी विचारपूस करायचा. "ताई, जपानचे सर्जन पुढच्या महिन्यात अंधेरीत येतायत, दोनच जागा उरल्यात." जपानमधल्या योकोहामात प्राण्यांचे हृदय-सर्जन मासामी उएची आणि त्यांचे सहकारी अशी ऑपरेशनं करतात, हे मी वाचलं होतं. त्यामुळे विश्वास बसला. आधी 60 हजार भरले, मग 'रक्ताच्या पिशवीचे' 25 हजार.

त्याने इकोचा रिपोर्ट एकदाही मागितला नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं. खऱ्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून त्याचं काम मशीनवर घेतात, झडपेला धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या तंतूंच्या जागी गोरटेक्स नावाच्या कृत्रिम धाग्याचे दोरे घालतात आणि सैल झालेलं झडपेचं कडं आवळतात. पाच-सहा किलोच्या जिवावर हे करायला भुलीचे डॉक्टर, मशीन सांभाळणारे, आयसीयू असा मोठा फौजफाटा लागतो. दुसरी पद्धत म्हणजे धडधडत्या हृदयातच झडपेला क्लिप लावायची. दिल्लीत 2024 मध्ये एका बीगलवर ती झाली. पण तिथेही ती झडप क्लिपसाठी योग्य आहे का, हे इकोवर बारकाईने पाहावं लागतं. हा माणूस मात्र सांगायचा, "दुर्बिणीतून करतात, संध्याकाळी घरी."

पैशांचं दुःख एकवेळ गिळलं असतं. पण त्याने ऑपरेशनच्या आधी पाच दिवस सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि मी आमच्या डॉक्टरांना न विचारता केल्या. तिसऱ्या रात्री चिंगी आडवी होईना. कोपरं बाहेर काढून, मान ताणून बसली होती. मोबाइलवर वेळ लावून श्वास मोजले, मिनिटाला 58. एरवी झोपेत ते 30च्या आत असायचे. हिरड्या निळसर पडल्या होत्या. रात्री दोनला दवाखान्यात नेलं तर फुप्फुसात पाणी भरलेलं. ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?" मला तोंडातून शब्द फुटेना.

दोन रात्री ती तिथेच होती. वाचली.

त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. अंधेरीच्या पत्त्यावर भाऊ जाऊन आला, तिथे पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे भरून तीन आठवडे उलटून गेले होते, खातं रिकामं झालेलं. कुणाला असा फोन आला असेल तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

चिंगी आता पुन्हा गोळ्यांवर आहे. काल रात्री झोपेत 26 श्वास मोजले.