आठ महिने झाले, ही गाडी अजून डावीकडेच ओढते

परवा रविवारी किटमधून जोडलेल्या आमच्या रोबोट गाडीच्या डाव्या मोटरचा कान तुटला म्हणून तिचा अभिप्राय पुरा करायला बसले, नाहीतर दिवाळीपासून नुसतं करायचं म्हणतच होते.

ज्यांच्याकडे ही दोन चाकांची रोबोट गाडी आहे त्यांना कान म्हणजे काय ते सांगायला नको. पिवळ्या बीओ मोटरला (बॅटरीवर चालणारी छोटी गिअरची मोटर) मागे तांब्याच्या दोन पातळ पत्र्या असतात, वायर जोडायला. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी असते ना, तिच्यापेक्षा जरा बरी, एवढीच जाडी. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, हात हलला, नंतर वायरला कुणाचं बोट अडकलं, की पत्री मुळातून येते. मोटर आतून ठणठणीत असते, फक्त तिला वीज द्यायला जागा राहत नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सोल्डरिंग केलेल्या पार्टला वॉरंटी लागू नाही." मी विचारलं, मोटरी सुट्या पाठवता, वायरी सुट्या पाठवता, कागदावर चित्रात कानाला डाग मारलेला दाखवता, मग जोडायच्या कशाने, डिंकाने? त्यावर दोन निळ्या टिका आल्या आणि संभाषण संपलं. मोटर मिळते साठ-सत्तर रुपयांना, तेवढ्यासाठी मी तीन दिवस भांडले. पैशांचा प्रश्न नव्हता असं म्हणायला छान वाटतं, पण थोडासा होताच.

मी इचलकरंजीत घरी गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. सहावी ते आठवीची नऊ पोरं आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या घरी माग आहेत किंवा वडील मागावर कामाला आहेत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं म्हणतात, पण ह्या पोरांच्या शाळेत तसली लॅब नाही. म्हणून जूनमध्ये १,६५० रुपयांना ही गाडी मागवली. अ‍ॅक्रिलिकची पाटी, दोन मोटरी, पुढे कास्टर म्हणजे सगळीकडे वळणारं छोटं चाक, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो ऊनो बोर्ड, मोटरींना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, आवाजाने अंतर मोजणारे अल्ट्रासॉनिकचे दोन डोळे आणि ते डोळे फिरवायला सर्वो म्हणजे हव्या त्या कोनात वळणारी छोटी निळी मोटर. बोर्ड अर्थातच क्लोन, म्हणजे नक्कल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. इटलीतल्या इव्रियात २००५ साली आर्डुइनो सुरू झालं तेच मुळी विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून, आणि डिझाइन खुलं ठेवलंय. फक्त क्लोनवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते, तिचं सॉफ्टवेअर (त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात) लॅपटॉपमध्ये टाकल्याशिवाय लॅपटॉपला पोर्ट दिसत नाही. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

दुसरा आठवडा बॅटरीत गेला. सोबत ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची क्लिप येते, त्यामुळे माणूस भाबडेपणाने तीच बॅटरी आणतो. मी चार आणल्या. गाडी सुरू व्हायची, दोन वीत पुढे जायची, बोर्डाचा दिवा लुकलुकायचा आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू. पोरांना वाटलं कोड चुकला. कोड बरोबर होता. ती बॅटरी स्मोक अलार्मसाठी ठीक आहे. दोन मोटरी एकदम उठल्या की जेवढा करंट लागतो तेवढा तिच्या आवाक्यातला नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. शंभर रुपये पाण्यात. क्लिप पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग १८६५० ह्या मापाचे, पुन्हा भरता येणारे लिथियमचे दोन सेल घेतले. तिथेही आधी फसले. वेष्टनावर ९८०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेले स्वस्त सेल घेतले. चांगल्या कंपनीचा ह्या मापाचा सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतो, त्यामुळे ९८०० हा आकडा दिसला की तिथूनच परत फिरावं. तर दोन सेलचे ७.४ व्होल्ट. त्यातले जवळजवळ दोन व्होल्ट एल२९८एन स्वतःच खातो, कारण आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत, म्हणून तर त्याला उष्णता सोडायला एवढा मोठा काळा हीटसिंक लागतो. मोटरीला उरतात साडेपाचच्या आत. बीओ मोटर सहा व्होल्टपर्यंतचीच असते, म्हणजे एका परीने बरंच आहे. पण मी आज नव्याने घेतली असती तर शंभर रुपये जास्त देऊन कमी व्होल्ट खाणारा टीबी६६१२ ड्रायव्हर घेतला असता.

आता मुख्य तक्रार. गाडी सरळ जात नाही.

कोडमध्ये दोन्ही मोटरींना २५५ द्या, म्हणजे पूर्ण वेग. आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोनची फरशी आहे, तिच्या सांध्यावर गाडी ठेवायची आणि सोडायची. तीन मीटर जाईपर्यंत ती चाळीस सेंटिमीटर डावीकडे गेलेली असायची. रोज. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनच्या पायाला धडकून थांबायची. दोन मोटरी एकाच पाकिटातून निघाल्या तरी जुळ्या नसतात हे मला कळत होतं. पण जाहिरातीतल्या व्हिडिओत ती गाडी कशी नाकासमोर जाते! मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल सांगत नाही. एकदा लक्षात आलं की त्यात कुठलाही शॉट दोन-तीन सेकंदांच्या वर टिकत नाही.

आधी वेग कमी-जास्त करून पाहायचं ठरवलं. डावं चाक आधीच २५५ वर, त्याला वाढवणार कुठे, म्हणून उजवं उतरवायला लागलो. उजव्याला काही फरकच पडेना, कारण ड्रायव्हरवर ईएनए आणि ईएनबी ह्या पिनांवर छोट्या काळ्या टोप्या असतात, त्या काढल्याशिवाय मोटर पूर्ण वेगानेच पळते. कागदावर ह्याचा उल्लेख नाही. टोप्या काढल्या, त्या दोन पिना कागदातल्या चित्राप्रमाणे बोर्डाच्या ९ आणि १० नंबरच्या पिनांना जोडल्या आणि उजवं २३१ वर आणलं. गाडी सांध्यावरून सरळ गेली. पोरांनी असा ओरडा केला की खालच्या काकू वर आल्या.

दुसऱ्या दिवशी डोळे फिरवायला सर्वोचा कोड जोडला आणि मोटरींचा वेग आमचं ऐकेना. मी तीन रात्री वायरी तपासल्या. दोष वायरींत नव्हताच. ऊनोवर सर्वोची लायब्ररी सुरू झाली की ९ आणि १० वरचं अ‍ॅनालॉगराइट, म्हणजे वेग ठरवणारी आज्ञा, बंद पडतं, कारण दोघांना बोर्डातला एकच टायमर लागतो. आणि किटबरोबरच्या चित्रात सर्वोही आहे आणि मोटरीही ९-१० वर आहेत. म्हणजे ज्याने चित्र काढलं त्याने ही गाडी एकदाही पूर्ण जोडून चालवलेली नाही. मोटरी ५ आणि ६ वर घ्या, चालतं.

तरी ओढ काही पुरती जाईना. सेल भरलेले असताना २३१ बरोबर, उतरले की चुकीचं. फरशीवर एक, सतरंजीवर दुसरं. मागे घेताना आणखीच वेगळं. एका पोराचे वडील मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत, म्हणून आम्ही त्यालाच जॉबर म्हणतो. तो एक दिवस गाडी उलटी करून खिडकीपाशी बसला. म्हणाला, "मॅडम, पुढच्या चाकात सूत गुंतलंय." खरंच होतं. आमच्या गावात हवेतच कापूस असतो. कास्टरच्या आसावर धाग्याची चांगली घट्ट गुंडी बसली होती. त्याने आईच्या सुईने ती उकलली आणि हातभर धागा माझ्या टेबलावर ठेवला. दोन्हीकडे २५५ ठेवलं तर आधी चाळीस जायची, त्याचे तीस सेंटिमीटर झाले. शिरोळकडचा एक पोरगा आहे, त्याचं मत पडलं की जोडीतला एक बैल अंगचोर आहे, सूत काढून काय होणार. तेव्हापासून डाव्या मोटरचं नाव अंगचोर.

कान तुटल्याचं सोडून इथपर्यंतचं गणपतीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं, आणि खाली "दोन स्टार, घेऊ नका" असंही लिहून झालं होतं. पाठवायचं राहिलं. बरं झालं.

झालं असं, की किटमध्ये खाचा असलेल्या दोन काळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या येतात. मी त्या डब्यात टाकून दिल्या होत्या. जॉबरने काढून विचारलं, "ह्या कशाच्या?" मी म्हटलं, शोभेच्या. तो म्हणाला, "मागाला कापड मोजायचा काउंटर असतोय, तसलं काहीतरी असणार." पोराने बरोबर ओळखलं. चकतीला वीस खाचा, ती चाकाच्याच आसावर मागच्या बाजूला बसते. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण २०४. वीसने भागा. एक खाच गेली की गाडी जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे गेली! हा हिशोब सातवीच्या पोरीने फळ्यावर केला तेव्हा मला स्वतःला काटा आला, कारण परिघाचं सूत्र मी ह्याच पोरांना दोन वर्षं घोकून घेतेय.

पण खाचा मोजायला जो सेन्सर लागतो, तो किटमध्ये नाही. चकती दिली, सेन्सर नाही. कुलूप दिलं आणि किल्ली वेगळी विकत घ्या म्हणाले, त्यातली गत. माझा एक स्टार कायमचा गेला तो इथे. पुण्याला चाललेल्या भावजींना बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पाठवून दोन सेन्सर आणवले, दीडशे रुपये झाले. भावजी अजून ऐकवतात की त्या गल्लीत दीड तास गाडी लावायला जागा मिळाली नाही.

सेन्सर लावले, चाक हाताने एक फेरा फिरवलं. वीस यायला हवेत, आले तेहतीस. पुन्हा फिरवलं, अडतीस. खाचेच्या कडेवर सिग्नल थरथरतो आणि बोर्ड एकाच खाचेला दोनदा-तीनदा मोजतो. उपाय फुकटात झाला. टीव्ही दुरुस्तीवाल्या मामांनी खोक्यातली धूळ झटकून १०४ लिहिलेले चार चपटे कपॅसिटर दिले, सेन्सरची आउटपुट पिन आणि ग्राउंड ह्यांच्यामध्ये एकेक लावला. वीस. पुन्हा वीस. नऊही पोरांनी आळीपाळीने फिरवून खात्री करून घेतली. ह्याच कामात बहुतेक कान हलायला लागला असावा.

मग प्रोग्रॅम बदलला. दर शंभर मिलिसेकंदांनी दोन्ही चाकांच्या खाचा मोजायच्या, पुढे गेलेल्याला जरा कमी द्यायचं, मागे पडलेल्याला जरा जास्त. पोरांनी त्या फंक्शनला नाव दिलं "कासरा". कंपायलरला देवनागरी चालत नाही म्हणून रोमन अक्षरांत लिहिलं, पण वाचतात कासराच. पहिल्यांदा दुरुस्ती इतकी जोरात ठेवली की गाडी सापासारखी नागमोडी गेली. आकडा उतरवत नेला. आता तीन मीटरला चार-पाच सेंटिमीटर चुकते, आणि सेल उतरले तरी तेवढीच. २३१ चा कागद पोरांनी भिंतीवरून काढू दिला नाही.

बाकीचं थोडक्यात. अल्ट्रासॉनिक डोळे भिंत ओळखतात, गोधडी ओळखत नाहीत. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, परत काही येत नाही. तिरक्या दारालाही हेच होतं. ब्लूटूथ मॉड्यूल बोर्डाच्या आरएक्स-टीएक्स ह्या पिनांवर लावून कोड अपलोड करू नका, अपलोडही त्याच पिनांतून होतं, आधी उपटा. अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवरचा कागद सोलायला नखं वाढवून ठेवा. नऊ पोरांत एक गाडी कमी पडते, दोन हव्यात, दुसरीचा हिशोब मांडतेय.

स्टार आता साडेतीन. गाडीला चार दिले असते, पण त्या वॉरंटीच्या उत्तराने अर्धा कापला. सातवी-आठवीच्या पोरांसाठी घ्या. चौथी-पाचवीसाठी घेऊ नका, त्यांच्या हाती दुसऱ्याच दिवशी कान येईल.

नवीन मोटरी मागवल्यात, चार, कारण दोन मागवल्या तर कुरिअर मोटरींपेक्षा महाग पडतं. तोवर गाडी एकाच चाकावर आहे. आता तर ती पूर्णच डावीकडे. बंद मोटरचं गिअर इतकं जड आहे की डावं चाक जागचं हलत नाही आणि गाडी त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरते. पोरांनी उजव्या चाकाला खडूची पूड फासली, फरशीवर गोल उमटला. व्यास भरला २८ सेंटिमीटर. दोन चाकांमधलं अंतर पट्टीने साडेतेरा, म्हणजे २७ यायला हवा होता. डावं चाक जागेवर घसरतंय की खडूचा पट्टाच जाड आहे, ह्यावर कालपासून भांडण चालू आहे आणि मला फरशी पुसू देत नाहीयेत.