अकरा महिने, नऊ खेपा आणि एक चाकू: आमच्या एअर कार्गो फॉरवर्डरबद्दल

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, आधी चार कशाचे ते सांगते.

नाशवंत माल परदेशी पाठवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: विमानात थंड राहील ना? मीही या फॉरवर्डरला, म्हणजे आपला माल विमानाने परदेशी पोचवून देणाऱ्या एजंटला, तोच विचारला होता. पलीकडून उत्तर आलं, "विमानाचं सोडा मॅडम. विमानात चढायच्या आधी माल कुठे उभा असेल, ते विचारा." त्याच फोनवर मी यांना काम द्यायचं ठरवलं.

आमचा व्याप छोटा. ताजी रास्पबेरी, आणि हंगामात जास्तीची निघाली की गोठवलेली. ताजीला विमानावाचून पर्याय नाही, तोडल्यापासून तिचं आयुष्य दिवसांवर मोजायचं. गोठवलेली मात्र खरं तर रीफर कंटेनरमधून, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या कंटेनरमधून, जहाजाने जावी. ती उणे १८ अंशांवर महिनोन्महिने टिकते, तिला विमानात बसवणं म्हणजे पैशाची उधळण. तरी नव्या गिऱ्हाइकाला नमुना हवा असतो, कुणाचा साठा अचानक संपतो, मग शंभरेक किलो विमानाने जातात.

पहिल्या खेपेआधी यांचा माणूस आमच्या पॅकहाउसवर आला आणि थर्मामीटरची सुई थेट फळात खुपसली. शीतखोलीच्या पडद्यावर १ अंश दिसत होता, फळाच्या पोटात ७. खोली थंड होती, फळ नव्हतं. आम्ही सकाळी तोडलेलं फळ दुपारी पेटीत भरून वर जेल पॅक ठेवत होतो आणि समजत होतो की वाटेत ते आपोआप गार होईल. जेल पॅक गार फळाला गार ठेवतो, तेही जेमतेम. तोडलेलं फळ श्वास घेत असतं, त्यातून उष्णता बाहेर पडते, आणि फळ जितकं गरम तितका श्वास वेगाने. बंद पेटीत हे चक्र सुरू झालं की पलीकडे बुरशी उघडायची. आता पंख्याने हवा ओढून प्रीकूलिंग करतो आणि पोटातलं तापमान २ च्या खाली गेल्याशिवाय पेटी भरत नाही. जेल पॅक फळाला थेट टेकला तर साल गोठते, म्हणून मध्ये पुठ्ठा घालतो. हेही त्यानेच सांगितलं.

डेटा लॉगरचे, म्हणजे मालासोबत जाऊन तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचे, दोन आलेख माझ्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवलेत. एक आधीच्या एजंटच्या वेळचा. त्यात उड्डाणाआधी उंटाची पाठ आहे: ५५ मिनिटांत पारा ३ वरून १४ वर. पॅलेट, म्हणजे पेट्या रचलेली फळी, उन्हात विमानाशेजारी वाट बघत उभं होतं. दुसरा यांच्या दुसऱ्या खेपेचा. तिथे पाठ नाही, नुसता उंचवटा, ६ पर्यंत. हे लोक पॅलेटवर थर्मल आच्छादन घालतात, लोडिंगची हाक येईपर्यंत माल कार्गो टर्मिनलच्या शीतखोलीतून हलवू देत नाहीत, आणि हाक आली की नाही हे बघायला त्यांचा माणूस रात्री दोन वाजताही तिथे असतो. मी जास्तीचे पैसे त्या दोन वाजताच्या माणसाचे देते.

आता चाकू. गोठवलेल्या मालासोबत ड्राय आइस लागतो, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश. तो वितळत नाही, थेट वायू होतो, आणि त्या वायूला बाहेर पडायला वाट लागते. विमान वाहतुकीच्या नियमांत तो धोकादायक मालात मोडतो: वर्ग ९, क्रमांक यूएन १८४५. आमच्याकडच्या नव्या पोराने मोठ्या प्रेमाने थर्माकोलच्या पेट्यांची झाकणं चहूबाजूंनी टेपने हवाबंद करून टाकली होती. फॉरवर्डरच्या माणसाने पहिली पेटी पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, पेटी आहे की फटाका?" खिशातून चाकू काढला, प्रत्येक पेटीच्या चारी कोपऱ्यांवरची टेप बोटभर कापली. मग झाकणं उघडायला लावून तळातला ड्राय आइस वर घ्यायला सांगितला, कारण गार वायू जड, तो खाली उतरतो. रिकाम्या जागेत कागदाचे बोळे कोंबले. पोकळी ठेवली तर बर्फ लवकर उडतो.

तेवढ्यात त्याने लेबलंही तपासली. पेटीवर ड्राय आइसचं निव्वळ वजन ५ किलो, आमच्या कागदात ४. आधीच्या एजंटकडे नेमक्या अशाच फरकासाठी काउंटरवर माल नाकारला गेला होता आणि कट-ऑफ, म्हणजे माल द्यायची शेवटची वेळ, हुकला होता. इथे ते पाच मिनिटांत दुरुस्त झालं. एकदा तर यांनी आदल्या दिवशीच फोन करून खेप पुढच्या विमानावर टाकली, कारण त्याच कप्प्यातून जिवंत प्राणी जाणार होते आणि ड्राय आइस त्यांच्या जवळ ठेवता येत नाही. कुणाच्या तरी कुत्र्यापायी आमचा एक दिवस गेला. चालेल. टर्मिनलवर गेल्यावर कळलं असतं तर चाललं नसतं.

कागदपत्रांत बोट ठेवायला जागा नाही. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याची, मूळ प्रत मालासोबत गेली की नाही, हे ते दोनदा विचारतात. शनिवारी पोहोचणारी खेप स्वतःहून टाळतात, कारण पलीकडे तपासणी अधिकारी सोमवारपर्यंत बसत नसेल तर विमानाने वाचवलेला वेळ गोदामातच जातो.

मग तारा का कापला?

एक, बिल. विमानात वजनाइतकीच जागेलाही किंमत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ६००० ने भागायचं, आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर पैसे त्यावर. आमची पेटी ६० बाय ४० बाय ३०, म्हणजे हिशेबात १२ किलो, काट्यावर ८. चाळीस पेट्या: ३२० किलोचा माल, बिल ४८० चं. पेटीची उंची २५ केली तर तीच खेप ४०० वर येते, आणि आमच्या डब्यांना २५ पुरते! हे त्यांनी सांगितलं चौथ्या खेपेला. फळात सुई खुपसणाऱ्याला टेप लावून उंची मोजायला काय झालं होतं?

दोन, तक्रार. पाचवी खेप मधल्या थांब्यावर ऑफलोड झाली, म्हणजे विमानातून उतरवली गेली. प्रवाशांच्या बॅगा आधी, माल नंतर, हा प्रवासी विमानांचा रिवाजच. अकरा तास उशीर, नऊ पेट्या मऊ. त्यांच्या क्लेम विभागाकडून रोज एकच उत्तर: "एअरलाइनशी बोलणं चालू आहे." बोलण्याला काडीची किंमत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार तो हाती आल्यापासून १४ दिवसांत जायला हवी, उशिराची २१ दिवसांत, नाहीतर दावाच उरत नाही. बाराव्या दिवशी मीच लॉगरचा आलेख जोडून पत्र पाठवलं. भरपाईला कमाल मर्यादाही आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), त्यामुळे महाग मालाला वेगळा विमा हवाच. आणि "फळ मुळातच नाशवंत" हा बचाव एअरलाइन करणार, तो आलेखानेच खोडायचा. दावा अजून चालू आहे.

फॉरवर्डर मात्र बदललेला नाही. क्लेम विभागाला फोन करणं सोडलंय, पत्रं मीच लिहिते. पुढची खेप मंगळवारी, पेट्या २५ च्या. पोराला टेप दिलीय, कोपरे सोडून लावायला.